बाटली, बोट आणि निशाण

सहलीच्या मोठ्या बोटीवर, म्हणजे ज्यांना आता सर्रास क्रूझ म्हणतात अशा जहाजावर, चढण्यापूर्वी प्रवाशाच्या सामानाची तपासणी होते. शस्त्रे, स्फोटके, अमली पदार्थ यांच्यासाठी ती असते हे उघडच आहे. परंतु क्ष-किरण यंत्रापुढे बसलेला माणूस आणखी एका वस्तूच्या शोधात असतो. ती वस्तू म्हणजे प्रवाशाने घरून आणलेली बाटली. अमेरिकी बंदरांतून जहाजे सोडणाऱ्या बहुतेक मोठ्या कंपन्यांचे याबाबतचे नियम थोड्याफार फरकाने सारखे आहेत. प्रौढ प्रवाशाने पहिल्या दिवशी, हातातल्या सामानातून, ७५० मिलिलिटर वाइनची एक बाटली आणावी. ती जेवणघरात उघडून हवी असेल तर बूच काढण्याचे शुल्क, म्हणजे कॉर्केज, भरावे. व्हिस्की, रम, व्होडका यांपैकी काही आणू नये. आणल्यास ते काढून घेतले जाईल. वाटेतल्या बंदरात विकत घेतलेली बाटली जहाजावर परतताना ठेवून घेतली जाते आणि सफर संपताना प्रवाशाच्या हवाली होते.

या नियमांची कारणे प्रवासी आपापसात चघळत असतात. वाइन चालते तर रम का चालत नाही? एकच बाटली का? आणि आपल्या पैशाने घेतलेली, आपल्या देशात पूर्णपणे कायदेशीर असलेली वस्तू आपल्या खोलीत नेण्यास मज्जाव करणारी ही कंपनी कोण? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सोपी आहेत. तिसऱ्याचे मात्र नाही. बोटीवरच्या बाटलीवर हुकूम कोणाचा, हा वाद शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता आणि त्या वादातून जी एक व्यवस्था जन्मास आली तिची फळे आजही हजारो माणसे भोगत आहेत. त्यांत दारूच्या थेंबालाही न शिवणारी माणसे बरीच आहेत. म्हणून हा इतिहास सांगण्याजोगा आहे, असे आम्हांस वाटते.

शिधा

शिडांच्या काळात मद्य ही जहाजावरची चैन नव्हती. लाकडी पिंपांत भरलेले पाणी काही आठवड्यांत शेवाळून दुर्गंधी येऊ लागे. त्या मानाने बिअर अधिक टिके. ब्रिटिश आरमारात खलाशाला दिवसाला एक गॅलन बिअर देण्याचा परिपाठ होता. १६२० साली अमेरिकेच्या किनाऱ्यास लागलेल्या 'मेफ्लॉवर' जहाजावरील धर्मनिष्ठ मंडळींनी वसाहतीची जागा ठरवण्याची घाई का केली, याच्या कारणांत बिअर संपत आल्याचा उल्लेख त्यांच्याच वृत्तान्तात सापडतो. १६५५ मध्ये इंग्रजांनी जमैका घेतले आणि वेस्ट इंडीजच्या फेऱ्यांत बिअर व ब्रँडी यांची जागा रम घेऊ लागली. रम नासत नाही आणि जागाही कमी व्यापते. पण ती माणसाला लोळवते. म्हणून १७४० साली ॲडमिरल एडवर्ड व्हर्नन याने आज्ञा काढली की दिवसाची अर्धा पाइंट रम एक क्वार्ट पाण्यात मिसळून, दोन हप्त्यांत वाटावी. व्हर्नन ग्रोग्रॅम नावाच्या जाड कापडाचा अंगरखा वापरी आणि त्यावरून त्याला 'ओल्ड ग्रॉग' म्हणत. त्याच्या मिश्रणाचे नावही 'ग्रॉग' पडले. पुढे हा शिधा दोनदा निम्म्यावर आला आणि ३१ जुलै १९७० रोजी कायमचा बंद झाला. अमेरिकी आरमाराने रमचा शिधा १८६२ मध्येच थांबवला होता आणि १ जुलै १९१४ पासून युद्धनौकांवर मद्य बाळगण्यासच बंदी केली.

खलाशाचे मद्य शिध्यात मोडत असे. प्रवाशाचे मद्य त्याच्या दर्जाप्रमाणे ठरे. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावरचा साहेब आपल्या खोलीचे सामान, अगदी पलंग-खुर्चीसुद्धा, स्वतः आणी आणि कप्तानाच्या मेजावर जेवे. पुढे वाफेच्या बोटी आल्या. मुंबईच्या प्रवाशांना परिचित असलेल्या 'पी अँड ओ' कंपनीच्या आरंभीच्या दशकांत वरच्या वर्गाच्या भाड्यातच वाइन, बिअर आणि कडक मद्याचा समावेश असे. त्याचे वेगळे पैसे घेण्याची रीत नंतरची. दुसरीकडे, पोटासाठी देशान्तर करणाऱ्या गरिबांच्या जहाजांवर प्रवाशांना कडक मद्य विकण्यास एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ब्रिटिश कायद्याने मनाई होती. एकाच समुद्रावर वरच्या मजल्याचे मद्य भाड्यात आणि खालच्या मजल्याचे गुन्ह्यात, अशी ही विभागणी होती.

वरच्या मजल्यावर पेले भरणारे हात बहुधा आपल्याकडचे असत. 'पी अँड ओ' आणि 'ब्रिटिश इंडिया' या कंपन्यांच्या बोटींवर जेवणघर व खोल्यांची व्यवस्था गोव्याचे ख्रिस्ती कामगार पाहत आणि डेकवरच्या लष्करांत, म्हणजे आशियाई खलाशांत, रत्नागिरीकडची माणसे पुष्कळ असत. मुंबईत बोट लागेपर्यंत गोव्याचा माणूस आपल्या गावाच्या 'कूड'मध्ये पथारी टाकी आणि बोलावणे आले की पुन्हा समुद्रावर जाई. या माणसांकडे आपल्याला शेवटी परत यायचे आहे.

दोन बहिणी

हँबुर्गच्या 'हापाग' कंपनीचा प्रमुख आल्बर्ट बालिन याने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास पन्नास हजार टनांवरच्या तीन प्रचंड प्रवासी बोटी बांधण्याचा घाट घातला. त्यांपैकी 'इम्पेराटोर' १९१३ मध्ये आणि 'फाटरलांट' १९१४ मध्ये प्रवासी सेवेत दाखल झाल्या. युद्धाने या बहिणींची ताटातूट केली. न्यूयॉर्कमध्ये अडकून पडलेली 'फाटरलांट' १९१७ साली अमेरिकेने ताब्यात घेतली आणि तिचे नाव 'लेव्हायथन' ठेवले. 'इम्पेराटोर' युद्धानंतर ब्रिटनकडे आली, 'क्युनार्ड' कंपनीने ती घेतली आणि तिचे नाव 'बेरेंगारिया' झाले. जर्मनीतल्या एकाच कल्पनेतून जन्मलेल्या दोन बोटी आता दोन निशाणांखाली, त्याच अटलांटिकवर, त्याच प्रवाशांसाठी एकमेकींशी स्पर्धा करणार होत्या. दरम्यान अमेरिकेत असे काही घडले होते की या स्पर्धेचा निकाल बोटीच्या वेगावर किंवा दिवाणखान्याच्या झुंबरांवर अवलंबून राहिला नाही.

अमेरिकी राज्यघटनेची अठरावी दुरुस्ती १७ जानेवारी १९२० पासून अमलात आली आणि मद्याची निर्मिती, विक्री, वाहतूक, आयात-निर्यात हे सारे देशात व देशाच्या अधिकाराखालील प्रदेशात निषिद्ध झाले. पण बोटीचे काय? युद्धानंतर अमेरिकेच्या सरकारकडे जहाजांचा मोठा ताफा होता आणि तो 'शिपिंग बोर्ड' चालवत असे. सरकारी मालकीच्या या बोटी किनाऱ्यापासून तीन सागरी मैल ओलांडले की बार उघडत. १९२२ साली मद्यविक्रेत्या बुश घराण्याने ही विसंगती जाहीरपणे चव्हाट्यावर मांडली. ज्या सरकारने आमच्या भट्ट्या बंद केल्या ते स्वतःच समुद्रावर गुत्ता चालवते, हा त्यांच्या तक्रारीचा आशय होता. बोर्डाचे अध्यक्ष आल्बर्ट लास्कर यांचे उत्तर व्यवहारी होते: परदेशी बोटींवर दारू मिळत असताना आपल्या बोटी कोरड्या ठेवल्या तर त्यांवर चढणार कोण?

६ ऑक्टोबर १९२२ रोजी ॲटर्नी जनरल हॅरी डॉहर्टी यांनी आपले मत दिले. अमेरिकी निशाणाच्या बोटीवर जगात कोठेही दारू बेकायदेशीर, आणि परकीय निशाणाच्या बोटीवर अमेरिकेच्या तीन मैलांच्या आत बेकायदेशीर. मग ती दारू मोहोरबंद कोठारात का असेना. अध्यक्ष हार्डिंग यांनी सरकारी बोटी कोरड्या केल्या. जहाज कंपन्या न्यायालयात गेल्या.

रूपक

'क्युनार्ड स्टीमशिप कंपनी विरुद्ध मेलन' या खटल्याचा निकाल ३० एप्रिल १९२३ रोजी लागला. मेलन हे अमेरिकेचे अर्थमंत्री. वादी कंपन्यांत काही अमेरिकी होत्या, काही परदेशी. परदेशी कंपन्यांचे म्हणणे असे की आमच्या बोटी तुमच्या बंदरात दारू विकत नाहीत. दारू परतीच्या प्रवासासाठी बोटीच्या कोठारात पडून असते, तिचा तुमच्या भूमीशी संबंध नाही. शिवाय काही देशांच्या कायद्याप्रमाणे खलाशांच्या जेवणात वाइन देणे जहाजमालकावर बंधनकारक आहे. अमेरिकेचा कायदा पाळावा तर स्वदेशाचा मोडतो, अशी ही पंचाईत होती. वाइन हा जेवणाचा भाग आणि रम ही दारू, हा भेद युरोपात जुना आहे. आजच्या 'एक बाटली वाइनची' या सवलतीवर त्याची सावली पडलेली दिसते.

न्यायालयापुढचा मूळ मुद्दा मात्र 'प्रदेश' या शब्दाच्या अर्थाचा होता. जहाज म्हणजे ज्या देशाचे निशाण त्यावर आहे त्या देशाच्या भूमीचा तरंगता तुकडा, असे आंतरराष्ट्रीय कायद्याच्या ग्रंथांत म्हटले जाई. हे शब्दशः खरे मानले तर अमेरिकी बोट भरसमुद्रातही अमेरिकाच ठरते आणि दारूबंदी तिच्यामागोमाग जगभर फिरते. आणि ब्रिटिश बोट न्यूयॉर्कच्या धक्क्यालाही ब्रिटनच राहते. न्यायमूर्ती व्हॅन डेव्हँटर यांनी लिहिलेल्या बहुमताच्या निकालाने हे दोन्ही नाकारले. घटनेतल्या 'प्रदेश' या शब्दाचा अर्थ भूमी, तिची बंदरे, उपसागर आणि किनाऱ्यालगतचा तीन मैलांचा पाण्याचा पट्टा. जहाज म्हणजे तरंगती भूमी हे बोलण्यातले अलंकरण आहे, एक रूपक आहे, असे न्यायालयाने म्हटले. परिणाम असा झाला की अमेरिकी बोटींना भरसमुद्रात दारू देण्यास कायद्याची आडकाठी उरली नाही, आणि परकीय बोटींना मात्र तीन मैलांच्या आत बंद कोठारातली बाटलीसुद्धा बाळगता येईना. न्यायमूर्ती मॅक्रेनॉल्ड्स आणि सदरलँड यांनी परकीय बोटींपुरते असहमतीचे मत नोंदवले.

साहित्याच्या अभ्यासकांना रूपकाचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही. पण एखादे रूपक खरे मानावे की नाही यावर लाखो डॉलरची उलाढाल, आरमाराच्या हालचाली आणि दोन साम्राज्यांचा पत्रव्यवहार अवलंबून राहावा, असे प्रसंग विरळाच.

मोहोर

नवे नियम जून १९२३ मध्ये लागू झाले आणि त्याच महिन्यात 'व्हाइट स्टार'ची 'बाल्टिक' व 'क्युनार्ड'ची 'बेरेंगारिया' या बोटी न्यूयॉर्कला आल्या. परतीच्या प्रवासाची दारू त्यांच्या कोठारांत होती आणि त्या कोठारांवर ब्रिटिश सरकारच्या जकात खात्याची मोहोर होती. अमेरिकी अधिकाऱ्यांनी मोहोर फोडून दारू जप्त केली. दारूच्या किमतीपेक्षा मोहोर फुटल्याची बोच मोठी होती. एका सार्वभौम सत्तेचा शिक्का दुसरीने तोडला होता.

तोड निघाली ती देवाणघेवाणीतून. तीन मैलांच्या सीमेबाहेर, न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीच्या किनाऱ्यासमोर, दारूने भरलेल्या जहाजांची रांगच उभी असे. तिला 'रम रो' म्हणत. रात्री वेगवान होड्या येऊन तिथून माल उचलत. या जहाजांना तीन मैलांपलीकडे हात लावणे अमेरिकेला अवघड होते. २३ जानेवारी १९२४ रोजी झालेल्या करारात ब्रिटनने मान्य केले की संशयित जहाज एका तासात जितके अंतर कापू शकेल तितक्या अंतरापर्यंत अमेरिकेने त्याची झडती घ्यावी. बदल्यात अमेरिकेने मान्य केले की ब्रिटिश बोटींना मोहोरबंद दारू बंदरात बाळगता येईल. मैलांऐवजी तासात मोजलेली ही सीमा सागरी कायद्यातले एक नवलच होते. इतर देशांशीही असेच करार झाले.

इकडे 'लेव्हायथन' मोठ्या दुरुस्तीनंतर ४ जुलै १९२३ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, न्यूयॉर्कहून निघाली. न्यायालयाच्या निकालाप्रमाणे भरसमुद्रात तिचा बार उघडता आला असता; पण दारूबंदीवाल्या मतदारांपुढे सरकारी बोटीचा गुत्ता उघडण्याची छाती कोणत्या अध्यक्षाची होणार? बोट कोरडीच निघाली. 'बेरेंगारिया' ओली आणि 'लेव्हायथन' कोरडी, अशी दोघींची ओळख झाली. अमेरिकी प्रवासी ब्रिटिश आणि फ्रेंच बोटींकडे वळले. 'फ्रेंच लाइन'च्या जेवणात वाइनचे वेगळे पैसे नसत, ही तिची मोठीच ख्याती होती.

प्रवाशाच्या खासगी बाटलीचे काय झाले, हे सांगितल्यावाचून या काळाचे चित्र पुरे होणार नाही. जाताना प्रवासी रिकामे जात आणि येताना ट्रंकांत, कोटांच्या अस्तरांत बाटल्या घेऊन येत. शिकागोचे प्रतिनिधी आल्फ्रेड मायकेलसन हे काँग्रेसमध्ये दारूबंदीच्या बाजूने मत देणारे गृहस्थ. १९२८ च्या आरंभी पनामा-क्यूबाकडून परतताना लोकप्रतिनिधी म्हणून त्यांच्या सामानाची तपासणी झाली नाही. पुढे फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल येथे त्यांच्या सामानातली एक ट्रंक गळू लागली. खटला उभा राहिला. ती ट्रंक माझी होती असे त्यांच्या मेहुण्याने सांगितले आणि ज्यूरीने मायकेलसन यांना निर्दोष सोडले. कायदा करणारा आणि बाटली लपवणारा एकाच कोटात राहू शकतात, याची अमेरिकेला खात्री पटण्यास या एका ट्रंकेची गरज होती असे नाही. पण तिने हातभार लावला.

१९२९ च्या मंदीनंतर अटलांटिक ओलांडणारे प्रवासी घटले, तेव्हा मोठ्या बोटींना नवा धंदा सापडला. न्यूयॉर्कहून निघायचे, तीन मैलांपलीकडे जाऊन बार उघडायचा, नोव्हा स्कोशिया किंवा बर्म्युडापर्यंत भटकायचे किंवा कोठेच न जाता परतायचे. 'बेरेंगारिया' अशा स्वस्त मद्यसफरींवर इतक्या वेळा गेली की तिच्या नावाचा अपभ्रंश करून लोक तिला 'बार्गेन-एरिया', म्हणजे स्वस्त मालाचा कोपरा, म्हणू लागले. जिच्या कोठाराची मोहोर फोडली गेली होती, तीच बोट आता कायद्याच्या मर्यादेपलीकडचा बार म्हणून भाड्याने जात होती. आजच्या क्रूझ-धंद्याला अनेक पूर्वज आहेत. बालिननेच १८९१ मध्ये भूमध्य समुद्रात हिवाळी सफर काढली होती. पण चार दिवसांची, स्वस्त, गन्तव्याची फारशी पर्वा नसलेली आणि बारभोवती फिरणारी सफर ही मात्र दारूबंदीची देणगी आहे. ५ डिसेंबर १९३३ रोजी दारूबंदी उठली. दोघी बहिणी १९३८ मध्ये ब्रिटनमधल्या भंगारवाल्यांकडे गेल्या.

निशाण

आता मागे राहिलेली एक गोष्ट. डॉहर्टी यांचे मत ऑक्टोबर १९२२ मध्ये आले आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पुढच्या एप्रिलमध्ये. मधल्या काळात 'युनायटेड अमेरिकन लाइन्स' या अमेरिकी कंपनीने आपल्या 'रिलायन्स' आणि 'रेझोल्यूट' या दोन प्रवासी बोटींवरचे अमेरिकी निशाण उतरवले आणि पनामाचे चढवले. मालक, प्रवासी, मार्ग, बंदर यांत बदल नव्हता. पनामाचे निशाण लावले की डॉहर्टी यांच्या मताप्रमाणेदेखील भरसमुद्रात दारू देता येत होती, एवढाच हेतू. निकाल लागल्यावर ही धडपड निदान अंशतः अनावश्यक होती असे दिसून आले. पण वाट सापडली ती सापडलीच.

व्यापारी जहाजांनी सोयीचे निशाण वापरण्याची उदाहरणे त्याआधीही आहेत. तरीही आधुनिक 'सोयीच्या निशाणा'चा इतिहास लिहिणारे बहुतेक लोक या दोन बोटींपासून सुरुवात करतात. दारूसाठी जो मार्ग निघाला तो मजुरीसाठी अधिक फायद्याचा आहे, हे जहाजमालकांच्या लवकरच ध्यानात आले. दुसऱ्या महायुद्धानंतर पनामा, लायबेरिया, होंडुरास यांच्या निशाणाखाली जगाचा मोठा व्यापार चालू लागला. आज अमेरिकी बंदरांतून सुटणाऱ्या बहुतेक मोठ्या क्रूझ-बोटी बहामा, पनामा, बर्म्युडा, माल्टा अशा देशांच्या निशाणाखाली असतात.

१९६३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे पुन्हा बोटीचा प्रश्न आला. या वेळी बाटली नव्हती, कामगार होते. अमेरिकी कंपनीच्या होंडुरासी उपकंपनीच्या, होंडुरासी निशाणाच्या जहाजांवर होंडुरासी खलाशी काम करत होते, आणि संघटनेच्या निवडणुकीबाबतचा अमेरिकी कामगार कायदा त्यांना लागू होतो की नाही हा वाद होता. न्यायालयाने म्हटले, लागू होत नाही. परकीय निशाणाच्या जहाजाचा अंतर्गत कारभार त्या निशाणाच्या देशाच्या कायद्याने चालतो. त्यात शिरण्याचा हेतू काँग्रेसने स्पष्ट शब्दांत व्यक्त केलेला नाही. दोन्ही निकाल कायद्याच्या दृष्टीने परस्परविरोधी नाहीत हे आम्ही मान्य करतो. एकात घटनेच्या शब्दाचा अर्थ लावायचा होता, दुसऱ्यात विधिमंडळाच्या हेतूचा. परंतु दोन्ही शेजारी ठेवून वाचले म्हणजे मनाला जे खटकते ते खटकतेच. १९२३ मध्ये निशाण हे रूपक ठरले आणि अमेरिकेचा कायदा परकीय बोटीच्या कोठारात उतरून बाटलीपर्यंत पोचला. १९६३ मध्ये तोच देश त्याच बंदरात शिडीपाशी थांबला आणि खलाशापर्यंत गेला नाही.

मुंबईचा दाखला

मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यातही बोट होतीच. १९५० पासून राज्यात संपूर्ण दारूबंदी झाली. पण कायद्याच्या ३९ व्या कलमान्वये मालवाहू बोटी, युद्धनौका, सैनिकांची वाहतूक करणाऱ्या बोटी आणि लष्करी व आरमारी खानावळी येथे विदेशी मद्याचा वापर करू देण्याचा अधिकार सरकारने राखून ठेवला होता. 'मुंबई राज्य विरुद्ध बलसारा' या प्रसिद्ध खटल्यात, २५ मे १९५१ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने कायद्यातली काही कलमे, विशेषतः मद्यार्क असलेली औषधे व प्रसाधने यांबाबतची, काही अंशी रद्द केली. सैनिकांसाठीची सवलत मात्र समानतेच्या तत्त्वाशी विसंगत नाही असे ठरवले. धक्क्यावरच्या हमालाला जी बाटली गुन्हा होती ती दहा पावलांवर, शिडी चढून गेल्यावर, परवानगीची होऊ शकत होती. न्यूयॉर्क असो वा माझगाव, शिडीची एक बाजू आणि दुसरी बाजू यांत कायद्याला नेहमीच फरक करावा लागला आहे. प्रश्न एवढाच असतो की तो फरक कोणाच्या बाजूने पडतो.

हिशेब

जेट विमाने आली, अटलांटिकच्या प्रवासी बोटी ओस पडल्या आणि १९६० व ७० च्या दशकांत मायामी हे सहलीच्या बोटींचे माहेरघर झाले. भाडे जितके कमी तितके प्रवासी अधिक. आणि भाड्यातून न सुटलेला नफा बोटीवरच्या विक्रीतून काढायचा. बार, जुगारघर, दुकाने, किनाऱ्यावरच्या सहली हे या विक्रीचे खांब झाले. अशा हिशेबात प्रवाशाने घरून आणलेली बाटली म्हणजे बोटीच्या बारमधली न विकली गेलेली बाटली असते. क्ष-किरण यंत्राजवळचा माणूस तिच्या शोधात असतो तो यामुळे. कंपन्या सुरक्षेचे कारण देतात आणि ते पूर्णपणे खोटे नाही. अतिमद्यपानाने समुद्रावर अपघात होतात. पण तीच रम बोटीच्या बारमध्ये मोजून दिली की सुरक्षित होते, यावर कोणाचा विश्वास बसावा?

प्रवासीही कमी नाहीत. तोंड धुण्याच्या द्रवाच्या बाटलीत रंग घातलेली व्होडका भरणे, दुमडता येणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून रम नेणे, शीतपेयाचे बूच पुन्हा बेमालूम बसवणे, असे उद्योग इतके वाढले की २०१५ साली 'कार्निव्हल' कंपनीने प्रवाशांना बाटलीबंद पाणी आणि बाटलीतली शीतपेये आणण्यासही मनाई केली; डब्यांतली शीतपेये ठरावीक संख्येपर्यंत चालतील असे सांगितले. ज्या पाण्याच्या नासण्यापासून जहाजावरच्या मद्याचा इतिहास सुरू झाला, ते पाणीच आता मद्याचा वेष म्हणून संशयित ठरले.

एके काळी आरमाराच्या अधिकाऱ्याने रमचे माप ठरवले, नंतर राज्यसत्तेने बाटलीवर मोहोर लावली आणि फोडली. आज माप ठरवते ती कंपनी. तिचा अधिकार कोणत्याही घटनादुरुस्तीतून आलेला नाही. तिकिटाच्या पाठीमागच्या, कोणीही न वाचलेल्या करारातून तो आलेला आहे. प्रवाशाला याचा जाच होतो तो काही डॉलरचा. रागावून घरी जाता येते, पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीचे तिकीट काढता येते. बाटलीच्या बाबतीत प्रवाशाची बाजू घेऊन भांडावे इतका हा अन्याय मोठा आहे, असे आम्हांस वाटत नाही.

पण बारच्या पलीकडे उभा असलेला माणूस पाहा. तो फिलिपिन्सचा असेल, इंडोनेशियाचा असेल, गोव्याचा किंवा मुंबईचा असेल. ज्याचे आजोबा 'पी अँड ओ'च्या जेवणघरात साहेबाचा पेला भरत असत असाही एखादा असेल. महिनोन्‌महिने तो बोटीवर राहतो, आठवड्याचे सातही दिवस काम करतो. तो ज्या बंदरातून निघतो तिथल्या किमान वेतनाचा कायदा त्याला लागू नाही, कारण बोटीवरचे निशाण दुसऱ्या देशाचे आहे. २०१३ पासून अमलात आलेल्या सागरी कामगार करारसंहितेने विश्रांतीचे तास, लेखी करार, मायदेशी परत पाठवण्याची हमी असे काही किमान हक्क दिले आहेत आणि ते महत्त्वाचे आहेत. पण वेतनाचा मोठा फरक निशाणाच्या आडच राहिला आहे. प्रवाशाच्या पेयाच्या बिलात अठरा-वीस टक्के सेवाशुल्क आपोआप जोडण्याची पद्धत बऱ्याच कंपन्यांत आहे. म्हणजे कामगाराच्या पगाराचा काही भार पुन्हा बाटलीवरच टाकलेला आहे.

१९२२ मध्ये 'रिलायन्स' आणि 'रेझोल्यूट' यांच्यावर पनामाचे निशाण चढले ते प्रवाशांच्या पेल्यासाठी. दारूबंदी अकरा वर्षांत संपली, पेला कायदेशीर झाला, पण निशाण काही उतरले नाही. सफरीवर निघालेल्या आपल्या वाचकांपैकी कोणाची बाटली शिडीपाशी काढून घेतली गेली, तर तिच्यासाठी हळहळताना त्यांनी एकदा मान वर करून बोटीच्या मागच्या टोकाला कोणते निशाण फडकते आहे तेही पाहावे, एवढेच सुचवावेसे वाटते.